जुन्या ब्रोमाइड कागदावर सोलरायझेशन केले की सगळा प्रिंट राखाडी का होतो?

प्रश्न: काळोख_महाल, नागपूर

नमस्कार. महाल भागातील आमच्या घराच्या माडीवर माझ्या काकांची डार्करूम होती. त्यांचा स्टुडिओ बंद होऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पत्र्याच्या पेटीतून एक कंडेन्सरचा एन्लार्जर, ५० मिमीची लेन्स, एनॅमलचे चार ट्रे आणि ब्रोमाइड कागदाची तीन न उघडलेली पाकिटे निघाली. पाकिटांवर ‘सिंगल वेट, ग्लॉसी, नॉर्मल’ असे छापलेले आहे. काकांनी पेन्सिलीने तारीखही लिहिली होती, पण ती आता वाचता येत नाही.

आजवर मी बाजारातून आणलेल्या नव्या मल्टिग्रेड कागदावरच प्रिंट काढत होतो. तो महाग पडतो, म्हणून सोलरायझेशनच्या, म्हणजे अर्धवट डेव्हलप झालेल्या प्रिंटवर पुन्हा उजेड टाकण्याच्या, प्रयोगांसाठी काकांचा कागद वापरायचे ठरवले. झिरो माईलच्या स्तंभाजवळील घोड्यांच्या पुतळ्यांची एक निगेटिव्ह माझ्याकडे आहे. मागे मोकळे आकाश आणि पुढे घोड्यांच्या माना, त्यामुळे कडेने ती प्रसिद्ध पांढरी रेघ सुंदर उमटेल अशी माझी कल्पना होती.

माझी कृती अशी: एन्लार्जरखाली ५ क्रमांकाचा फिल्टर लावून नेहमीचे एक्स्पोजर दिले, डेव्हलपरमध्ये एक मिनिट ठेवले, मग ट्रेमध्येच असताना साधारण चार फुटांवरचा ४० वॅटचा पिवळा बल्ब दोन सेकंद लावला आणि पुन्हा एक मिनिट ट्रे हलवत डेव्हलप केले. खोलीत कूलर चालू असूनही डेव्हलपरचे तापमान ३३ अंश होते. आतापर्यंतचे अकराच्या अकरा प्रिंट गढूळ राखाडी आले असून घोडे आणि आकाश यांत फारसा फरक दिसत नाही. कडेची रेघ एका प्रिंटमध्ये पुसटशी आहे, तीही मला सांगावी लागते. चूक कागदाची आहे, उन्हाळ्याची आहे की माझी?

उत्तर: लाल_दिवा, धंतोली

थोडी थोडी तिघांचीही आहे, पण कोणाची किती ते आधी वेगळे करावे लागेल. आपण एकाच प्रिंटमध्ये चार गोष्टी बदलत आहात, त्यामुळे अकरा प्रिंट काढूनही हाती काही लागले नाही.

सर्वात सोपी गोष्ट आधी सांगतो. पाकिटावर ‘नॉर्मल’ असे छापले आहे, म्हणजे हा ठरावीक ग्रेडचा, एकाच कॉन्ट्रास्टचा कागद आहे. कॉन्ट्रास्ट बदलणारे फिल्टर फक्त मल्टिग्रेड कागदावर काम करतात. या कागदावर ५ क्रमांकाचा फिल्टर लावल्याने एक्स्पोजर वाढवावे लागते, दुसरे काहीही होत नाही. सोलरायझेशनला हार्ड किंवा एक्स्ट्रा हार्ड, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टचा, कागद हवा असतो, कारण दुसऱ्या उजेडामुळे पांढरे भाग काळवंडून प्रिंटचा कॉन्ट्रास्ट मुळातच खाली येतो. नॉर्मल कागदाला खाली यायला फारशी जागाच नसते.

आता परिणामाविषयी. आपण ज्याला सोलरायझेशन म्हणतो त्याचे नेमके नाव सबातिए परिणाम असे आहे. आर्मां सबातिए या फ्रेंच संशोधकाने १८६२ मध्ये त्याची नोंद केली. खरे सोलरायझेशन म्हणजे प्रचंड जादा एक्स्पोजरमुळे चित्र उलटे होणे. निगेटिव्हवरचा सूर्य प्रिंटमध्ये काळा येतो, ते. पॅरिसमध्ये १९२९ च्या सुमारास मॅन रे आणि ली मिलर या छायाचित्रकारांनी सबातिए परिणामाला कलेत आणले आणि तेव्हापासून दोन्ही नावांची सरमिसळ झाली ती झालीच. अंधारात पायावरून काहीतरी गेले म्हणून घाबरून आपण दिवा लावला, असे ली मिलर सांगत असत. महालातल्या जुन्या माडीवर ती सोय असणारच.

यात घडते ते असे. पहिल्या डेव्हलपिंगमध्ये प्रिंटच्या गडद भागांत चांदी तयार होते आणि ती चांदी खालच्या थरावर पडद्यासारखी उभी राहते. दुसरा उजेड पडतो तेव्हा गडद भाग या पडद्यामुळे बरेचसे वाचतात आणि मोकळे पांढरे भाग नव्याने काळे होऊ लागतात. आकाश राखाडी होणे हा म्हणूनच दोष नाही. परिणाम तोच आहे. दोन भागांच्या सीमेवर मात्र डेव्हलपिंगमधून सुटलेले ब्रोमाइड साठते, ते तेथील डेव्हलपिंग रोखून धरते आणि फिकट रेघ उरते. तिला मॅकी रेषा म्हणतात. आपण दुसऱ्या मिनिटात ट्रे हलवत होतात, म्हणजे ते ब्रोमाइड जमू लागताच धुऊन टाकत होतात. दुसऱ्या उजेडानंतर ट्रेला हात लावू नका.

उजेडही ट्रेमध्ये देऊ नका. प्रिंट बाहेर काढा, पाण्यातून फिरवा, काचेवर पालथा न ठेवता सरळ पसरा आणि रबराच्या पट्टीने वरचे पाणी पूर्ण ओढून घ्या, कारण राहिलेला प्रत्येक थेंब भिंगासारखे काम करून स्वतःचा डाग सोडतो. नंतर निगेटिव्ह काढलेल्या एन्लार्जरखाली, लेन्स एफ १६ वर ठेवून, एक, दोन, तीन, चार सेकंदांच्या पट्ट्या करा. चार फुटांवरच्या ४० वॅटच्या बल्बचे दोन सेकंद म्हणजे फार होतात, आणि हाताने बटण दाबल्यावर ते दोनच सेकंद होते याची खात्री कोण देणार? शिवाय ओल्या हाताने विजेच्या बटणाला हात लावण्याची सवय वाईट आहे.

आता कागद. लाल दिव्यात एका न वापरलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा. एक थेट हायपोत, म्हणजे न वापरलेली चांदी काढून टाकणाऱ्या फिक्सरमध्ये, टाका. दुसरी दोन मिनिटे डेव्हलपरमध्ये ठेवून मग हायपोत टाका. दोन्ही उजेडात शेजारी ठेवून पाहा. पहिली पांढरी आणि दुसरी राखाडी असेल, तर एक्स्पोजर देण्यापूर्वीच आपला कागद फॉग झालेला आहे, म्हणजे उजेड न पडताही तो डेव्हलपरमध्ये काळवंडतो. ही चाचणी २० अंशांवर एकदा आणि आपल्या ३३ अंशांवर एकदा करा, म्हणजे उन्हाळ्याचा वाटा किती ते कळेल. ३३ अंशांवर दोन मिनिटे म्हणजे भरमसाट जादा डेव्हलपिंग आहे. ट्रे पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि त्या पाण्यात बर्फाने भरलेल्या बंद बाटल्या सोडा. बर्फ डेव्हलपरमध्ये कधीही टाकू नये, कारण तो वितळला की प्रमाण बिघडते.

लाल दिव्याचीही परीक्षा घ्या. कागदाला आधी अगदी हलके एक्स्पोजर द्या, त्यावर नाणे ठेवा, पाच मिनिटे लाल दिव्याखाली राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला, तर दिवा लाल दिसत असला तरी सुरक्षित नाही. हल्लीच्या काही लाल एलईडींमधून नको तो उजेड थोडासा निसटतो.

उत्तर: निळी_छपाई

माझे मत वेगळे आहे. नागपूरच्या मे महिन्यात डार्करूम करूच नये. सायनोटाइप, म्हणजे उन्हात होणारी निळी छपाई, करावे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड एवढी दोनच रसायने, १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली पद्धत आणि मेच्या अखेरीस जवळजवळ डोक्यावर येणारा आपला सूर्य. गच्चीवर काही मिनिटांत प्रिंट तयार होतो. बोअरचे पाणी असेल तर पहिल्या धुण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घाला, नाहीतर क्षारयुक्त पाण्यात निळा रंग फिका पडतो.

काळोख_महाल

निळी_छपाई यांचे आभार. सायनोटाइप मी पूर्वी केले आहे आणि ते मला आवडते, परंतु मला या एन्लार्जरवर आणि या कागदावरच काम करायचे आहे. काकांच्या हातची पाकिटे तशीच ठेवून दुसरे काही करायला मन घेत नाही.

लाल_दिवा यांनी सांगितलेल्या चाचण्या केल्या. नाण्याचा गोल दिसला नाही, म्हणजे दिवा निर्दोष आहे. पट्ट्यांचे निकाल असे: हायपोत थेट टाकलेल्या तिन्ही पाकिटांच्या पट्ट्या पांढऱ्या निघाल्या. २० अंशांवर डेव्हलप केल्यावर पहिल्या दोन पाकिटांच्या पट्ट्या मध्ये फिकट राखाडी आणि कडेला बोटभर रुंदीत गडद झाल्या. ३३ अंशांवर त्याच कागदाची पट्टी सर्वत्र सिमेंटच्या रंगाची झाली. तिसऱ्या पाकिटाची पट्टी २० अंशांवरही जवळजवळ काळी आली. त्या पेटीवर अनेक वर्षे पत्र्याचे छप्पर तापत होते, त्यामुळे आश्चर्य वाटले नाही, पण वाईट वाटले.

उत्तर: लाल_दिवा, धंतोली

म्हणजे उत्तर मिळाले. पहिल्या दोन पाकिटांची कडा कापून टाका, डेव्हलपर २० ते २२ अंशांवर ठेवा आणि त्यात १० टक्के पोटॅशियम ब्रोमाइडचे द्रावण थोडे थोडे घालत फॉग कुठे आटोक्यात येतो ते पाहा. बेन्झोट्रायाझोल हे त्याहून प्रभावी असते. दोन्हींमुळे कागदाचा वेग, म्हणजे उजेडाला प्रतिसाद देण्याची क्षमता, कमी होतो, म्हणून एक्स्पोजर वाढवावे लागेल. हे एवढ्यासाठी सांगतो की उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद मी अनेक वर्षे वापरला आणि त्याची शेवटची पाकिटे जुनी झाल्यावर याच मार्गाने मी ती संपवली.

सबातिएसाठी मात्र एक आडवाट सुचवतो. परिणाम कागदावर न करता फिल्मवर करा. आपली निगेटिव्ह ऑर्थो फिल्मच्या (लाल दिव्यात हाताळता येणाऱ्या फिल्मच्या) तुकड्यावर कॉन्टॅक्ट करून, म्हणजे थेट दाबून एक्स्पोज करून, तिथे दुसरा उजेड द्या. फिल्मचा कॉन्ट्रास्ट भरपूर असल्याने रेघ स्वच्छ उमटते. ती फिल्म पुन्हा दुसऱ्या फिल्मवर कॉन्टॅक्ट केली की रेघ काळी की पांढरी हेही आपल्या हाती राहते, आणि एकदा फिल्म जमली की तिचे हवे तितके एकसारखे प्रिंट काढता येतात.

उत्तर: तपकिरी_पाणी, प्रतापनगर

लाल_दिवा यांचे निदान मला पूर्ण मान्य आहे. उपाय मान्य नाही. फॉग झालेल्या नॉर्मल कागदाला ब्रोमाइड पाजून त्याच्याकडून सबातिए करवून घेणे म्हणजे थकलेल्या बैलाला शंकरपटात उतरवण्यासारखे आहे. या कागदाला जे जमते ते त्याला करू द्यावे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ते म्हणजे लिथ प्रिंट.

लिथ डेव्हलपर मुळात ऑफसेट छपाईच्या प्रोसेस कॅमेऱ्यातील फिल्मसाठी होता. त्या फिल्मवर काळे आणि पांढरे एवढेच हवे असे, मधले काही नको असे. त्यात डेव्हलप करणाऱ्या द्रव्यांपैकी मेटॉल नसते, फक्त हायड्रोक्विनोन असते, आणि सल्फाइट फारच थोडे असते. जिथे डेव्हलपिंग सुरू होते तिथे हायड्रोक्विनोनपासून बनणारे पदार्थच पुढचे डेव्हलपिंग आणखी वेगाने पेटवतात. सल्फाइट भरपूर असते तर त्याने ते पदार्थ विझवले असते. म्हणून कितीतरी मिनिटे ट्रेमध्ये काहीच घडत नाही, मग सावल्या कोळशासारख्या एकाएकी धुमसू लागतात, आणि त्या पुरेशा काळ्या झाल्या की उजळ भाग मागे पडलेले असतानाच प्रिंट उचलून डेव्हलपिंग थांबवणाऱ्या स्टॉप बाथमध्ये टाकायचा असतो. त्यामुळे सावल्या कडक आणि दाणेदार, तर उजळ भाग मऊ आणि उबदार रंगाचे राहतात.

आपल्या कागदाला हे का मानवेल, ते पाहा. कागदावरचा फॉग हा उजळ भागांसारखाच मागाहून वर येतो. आपण प्रिंट वेळेवर उचलला तर तो वर येण्याआधीच काम संपलेले असते. फॉग फार असेल तर हे जमणार नाही, पण आपल्या पहिल्या दोन पाकिटांत जमायला हरकत नाही. हल्लीच्या अनेक कागदांत डेव्हलप करणारी द्रव्ये आधीच मिसळलेली असल्याने त्यांवर लिथ जमत नाही. जुना साधा फायबर (प्लॅस्टिकचा थर नसलेला) कागद त्या दृष्टीने उलट बरा. रंगाची मोठी अपेक्षा ठेवू नका. क्लोरोब्रोमाइड कागद गुलाबी-तपकिरी छटा देतो, ब्रोमाइड कागद त्या मानाने कंजूष असतो.

कृती: नेहमीच्या एक्स्पोजरच्या चौपट ते आठपट, म्हणजे दोन ते तीन स्टॉप, एक्स्पोजर द्या. लिथमध्ये उजळ भाग एक्स्पोजरने ठरतात आणि काळे भाग उचलण्याच्या क्षणाने, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे हाताला कळत जाते. ए आणि बी ही द्रावणे डब्यावर सांगितल्यापेक्षा पुष्कळ पातळ करा. पहिले एक-दोन प्रिंट बेचव येतात. डेव्हलपर वापरून तपकिरी झाला की खरी मजा सुरू होते, म्हणून मी मागच्या खेपेचे थोडे तपकिरी पाणी बाटलीत जपून ठेवतो आणि नव्या द्रावणात विरजणासारखे घालतो.

आणि उन्हाळा? लिथला तो चालतो. २० अंशांवर जो प्रिंट अर्धा तास घेतो, तो ३३ अंशांवर दहा-बारा मिनिटांत येतो. मुद्दाम ट्रे तापवून काम करणारेही आहेत. आपल्याकडे अडचण उलट डिसेंबरात येते. पहाटे पाणी १० अंशांच्या आसपास गेले की हायड्रोक्विनोन झोपी जाते आणि आपण ट्रे हलवत बसतो. उन्हाळ्यात काळजी घ्यायची ती एवढीच, की सर्व ट्रे एकाच तापमानाचे असावेत. गरम डेव्हलपरमधून थेट माठातल्या गार पाण्यात प्रिंट टाकला, तर सैल झालेले जिलेटिन कडेने सुटू शकते. हायपोत तुरटी घातल्यास थर घट्ट होतो, मात्र मग धुणे लांबते. एक पथ्य: दोन्ही द्रावणे डब्यातूनच घ्यावीत. घरी लिथ डेव्हलपर बनवण्याच्या कृतींमध्ये फॉर्मल्डिहाइडची द्रव्ये येतात आणि बंद माडीवर, भर उन्हाळ्यात, त्यांच्या वाफा छातीत घेणे शहाणपणाचे नाही. तयार डेव्हलपर असला तरी खिडकीला काळा पडदा आणि पंखा दोन्ही हवेत.

उत्तर: काकवी_आणि_हायपो, इतवारी

तिसऱ्या पाकिटाविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. ते फेकू नका.

फॉग हा डेव्हलपरमध्ये गेल्यावरच दिसतो. आपली हायपोत थेट टाकलेली पट्टी पांढरीच निघाली होती. म्हणजे डेव्हलपर न वापरणाऱ्या पद्धतीला तो कागद अजून शाबूत आहे. कागदावर पाने ठेवा, वर काच दाबा, गच्चीवर उन्हात अर्धा-एक तास राहू द्या. उजेडानेच चांदी सुटून जांभळे, गुलाबी, विटकरी रंग येतात. याला लुमेन प्रिंट म्हणतात. हायपोत गेल्यावर रंग बराच बदलतो आणि फिका पडतो, म्हणून त्याआधी स्कॅन करून ठेवा. ओली पाने ठेवली तर त्यांचा रसही कागदावर रंग ओढतो. मी कडुनिंब आणि संत्र्याची पाने वापरली. संत्र्याचे पान जाड असल्याने बाहेरची रेषा फार नेटकी देते.

दुसरा मार्ग केमिग्रॅमचा. पिएर कॉर्डिए या बेल्जियन कलावंताने तो १९५६ मध्ये शोधला. यात कॅमेरा, निगेटिव्ह आणि अंधार यांपैकी काहीच लागत नाही. कागदावर एखादा थर द्यायचा आणि दिवसाउजेडी तो कागद आळीपाळीने डेव्हलपर आणि हायपोत बुडवायचा. डेव्हलपरमध्ये मोकळा भाग काळा होतो, हायपोत मोकळा भाग पांढरा राहतो, आणि थर हळूहळू विरघळत जातो तसतशी दर बुडवणीला एक नवी रेघ त्याच्या कडेला बसते. थर नेलपॉलिशचा दिला तर रेघा कडक येतात, मधाचा दिला तर वाहत्या. मी काकवी वापरतो, कारण ती घरात असते आणि मधापेक्षा स्वस्त पडते. डेव्हलपर आणि हायपो यांच्यामध्ये प्रत्येक वेळी पाण्यातून काढा, नाहीतर दोन्ही लवकर खराब होतात. ज्या कागदाला आधीच पूर्ण उजेड द्यायचा असतो त्याला फॉगचे काय भय?

वापरलेला हायपो नालीत ओतू नका. त्यात चांदी असते. मी तो कॅनमध्ये साठवतो.

उत्तर: लाल_दिवा, धंतोली

तपकिरी_पाणी यांचा बैल मला लागला, पण मुद्दा बरोबर आहे. फक्त एवढे नोंदवतो, की लिथमध्ये दोन प्रिंट सहसा सारखे येत नाहीत आणि प्रश्नकर्त्यांना कडेची रेघ हवी होती. ती लिथ देणार नाही. त्यासाठी ऑर्थो फिल्मचा माझा सल्ला कायम आहे. दोन्हींची सांगड घालायची असेल, तर सबातिए फिल्मवर करा आणि त्या फिल्मचा लिथ प्रिंट या कागदावर काढा.

काळोख_महाल

उशिरा लिहीत आहे, कारण लिथची दोन द्रावणे मिळवण्यात आठवडा गेला. आता प्रयोगांच्या नोंदींसाठी वही घातली आहे.

झिरो माईलचे घोडे काल रात्री लिथमध्ये काढले. डेव्हलपर ३२ अंश, एक्स्पोजर नेहमीच्या सहापट. पहिले दोन प्रिंट खरोखर बेचव आले. तिसऱ्यात सात मिनिटांपर्यंत काहीच नव्हते, नवव्या मिनिटाला घोड्यांच्या मानेखालच्या सावल्या दिसू लागल्या आणि ११ मिनिटे २० सेकंदांना मी तो उचलला. आकाश फिकट बदामी आहे, घोड्यांच्या अंगाचा खरखरीतपणा असा आला आहे की बोट फिरवून पाहावेसे वाटते, आणि कडा कापल्यामुळे राखाडी पट्टा कुठेही नाही. चौथा उचलायला बहुधा पाऊण मिनिट उशीर झाला. घोडे काळोखात बुडाले.

एक अडचण आहे. पाचव्या प्रिंटपासून आकाशात मिरपूड उधळल्यासारखे बारीक काळे ठिपके आले आणि सहाव्यात ते वाढले. धूळ असावी म्हणून निगेटिव्ह दोनदा पुसली, तरी फरक पडला नाही. ऑर्थो फिल्म मागवली आहे. काकवीचा एक केमिग्रॅमही केला. आईने काकवीची बाटली आता वरच्या फळीवर ठेवली आहे.

उत्तर: तपकिरी_पाणी, प्रतापनगर

ती धूळ नाही. डेव्हलपर थकला आणि त्यातले थोडेसे सल्फाइटही संपले की डेव्हलपिंग वाटेल तिथे आपोआप पेटते, त्याचे ते ठिपके आहेत. पुढच्या वेळी चौथ्या प्रिंटनंतर एक लिटर द्रावणात सोडियम सल्फाइट चिमूटभर घाला. चमचाभर नको, त्याने लिथचा गुणच जाईल. तरीही ठिपके आले, तर निम्मे द्रावण ओतून नवे मिसळा आणि ओतलेल्यातले थोडे तपकिरी पाणी बाटलीत काठोकाठ भरून, हवा न ठेवता, बूच लावून ठेवा.

तिसरा प्रिंट धुताना घाई करू नका. सिंगल वेट असला तरी तो फायबर कागद आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येत असेल, तर हायपोनंतर पाच मिनिटे धुऊन, दोन टक्के सल्फाइटच्या द्रावणात दहा मिनिटे ठेवून पुन्हा धुवा; पाणी पुष्कळ वाचते. वाळवताना कूलरसमोर टांगू नका, पापडासारखा वळतो. जाळीवर पालथा ठेवा.